चिठ्ठीत स्वतःचंच नाव

रविवार, रात्री उशिरा

वाचनगटाची सणानिमित्तची पुस्तकांची अदलाबदल आज पार पडली. यंदा खरेदीला बंदी होती. स्वतः वाचलेलं, आपल्याच कपाटातलं पुस्तक द्यायचं आणि देणाऱ्याने नाव लिहायचं नाही. नवं पुस्तक देणं तसं सोपं असतं, चर्चेतलं एखादं उचललं, कागदात गुंडाळलं, झालं. वाचलेलं देताना मात्र आपली आवड उघडी पडते. शिवाय ते पुस्तक कपाटातून कायमचं जाणार असतं! काहींचे चेहरे त्यामुळेच जरा उतरलेले होते.

नावं मागच्या बैठकीतच काढली होती, तेव्हाचा गोंधळ आठवून आजही हसू आलं. पहिल्या फेरीत एकीला स्वतःचीच चिठ्ठी आली. पुन्हा सगळ्या डब्यात टाकल्या, तर आता दुसऱ्याच कुणाला तेच. "नशीबच वाईट," असं चाललं होतं, पण यात नशिबाला कशाला बोल लावायचा? मोंमोर नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १७०८ मध्ये पत्त्यांच्या एका खेळावरून हाच प्रश्न मांडला होता. माणसं दहा असोत की शंभर, निदान एकाला तरी स्वतःचीच चिठ्ठी येण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते. शेवटी चिठ्ठ्या पिसून ओळीने लावल्या, प्रत्येकाने पुढच्याला द्यायचं, शेवटच्याने पहिल्याला. ओळ एकीलाच माहीत. तिने ज्याचं त्याला नाव सांगितलं आणि बाकी सगळं पोटात ठेवलं. या पद्धतीत आणखी एक बरं होतं, दोघांनी आपापसातच देवाणघेवाण उरकली असं होत नाही.

दरवर्षीप्रमाणे आइसलँडचा विषय निघालाच. दुसऱ्या महायुद्धात तिथे इतर वस्तूंची टंचाई होती, कागद मात्र मिळत होता, म्हणून नाताळात पुस्तकं भेट देण्याची रीत रुजली. नव्या पुस्तकांची सूची १९४४ पासून निघते. ऐकायला छान वाटतं. पण सूचीतून निवडलेल्या पुस्तकात देणारा माणूस कितीसा दिसणार?

आजच्या पुस्तकांत तो दिसत होता. सगळी खाकी कागदात, वर नावाऐवजी फक्त एक सूचना. बहुतेकांनी 'हृदयस्पर्शी', 'विचारप्रवर्तक' असलं लिहिलं होतं, म्हणजे काहीच नाही. माझ्यावर होतं, "मधली चाळीस पानं कंटाळवाणी आहेत. गाळू नका."

आत निघालं समुद्रपक्ष्यांवरचं जाडजूड पुस्तक. मी स्वतःहून कधी हातात घेतलं नसतं. समासात पेन्सिलीने शेरे आहेत, काही ठिकाणी लेखकाशी चक्क भांडण. आर्क्टिक टर्न हा पक्षी दरवर्षी उत्तर ध्रुवाकडून दक्षिणेकडे आणि परत असा प्रवास करतो, त्या परिच्छेदाशेजारी लिहिलंय, "आणि आपण मंडळाला उशिरा येतो."

हे कोण लिहील, हे ओळखायला गणितज्ञ लागत नाही. बैठकीला वेळेवर येणारा माणूस आमच्यात एकच आहे.

त्या चाळीस पानांपर्यंत अजून पोचले नाही.