पेपरात न येणारे उंदीर

गुरुवार, रात्री उशिरा

आज उंदरांच्या नव्या पिल्लांचं जीनोटायपिंग झालं, म्हणजे कुणात जनुकाच्या कुठल्या प्रती आहेत ते तपासलं. सात पिल्लं, आणि नॉकआउट, म्हणजे जनुक पूर्ण बाद केलेलं, एकही नाही. दोन पिल्लांत जनुकाच्या दोन्ही प्रती शाबूत, पाच पिल्लांत एक शाबूत नि एक बाद. आम्हाला हवी असतात ती दोन्ही प्रती बाद झालेली. डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलवर त्यांचा खालचा एकच पट्टा उमटतो. तो आज कुठल्याच रकान्यात नव्हता.

मेंडेलचा हिशेबच असा आहे. आमची नॉकआउट मादी पिल्लं वाढवू शकत नाही, म्हणून एकेक प्रत बाद असलेली जोडी लावावी लागते आणि चारात एक नॉकआउट निघतो. दोन जनुकं एकदम बाद हवी असतील तर सोळात एक. त्यातही फक्त नर हवे असतील तर बत्तिसात एक. म्हणजे असे आठ नर हाताशी यायला सरासरी २५६ पिल्लं जन्माला यावी लागतात. काही भावंडं तुलनेसाठी लागतात, काही पुढच्या पैदाशीसाठी. उरलेली कार्बन डायऑक्साइडच्या पेटीत जातात. पेपरात मात्र छापून येतं, ‘प्रत्येक गटात आठ उंदीर’.

प्राणिगृहातल्या काकांच्या वहीत प्रत्येक पिल्लू आहे: पिंजऱ्याचा नंबर, जन्मतारीख, नर की मादी, ओळखीसाठी कानाला पाडलेलं भोक कुठे, आणि शेवटच्या रकान्यात त्याचं काय झालं. आज ती वही मागून घेतली आणि बराच वेळ वाचत बसले. काका म्हणाले, “ताई, एवढ्या बारकाईनं ही कुणी बघत नाही.”

उंदरांवरचं हे काम हवंच, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात स्टॅनली पर्लमन आणि पॉल मॅक्रे यांनी सार्सच्या अभ्यासासाठी माणसाचं एसीई-२ जनुक (सार्सचा विषाणू पेशीत शिरताना ज्या प्रथिनाला चिकटतो, त्याचं जनुक) घातलेला उंदीर तयार केला, २००७ साली तो प्रसिद्धही केला. सार्स ओसरला, उंदरांची गरज सरली. पण त्यांचं वीर्य गोठवून जपलेलं होतं. २०२० मध्ये नवा विषाणू आला आणि साध्या उंदराच्या एसीई-२ला तो नीट चिकटेना. तेव्हा अमेरिकेतल्याच मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीनं त्या गोठवलेल्या वीर्यातून ही जात पुन्हा उभी केली आणि जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवली. नव्यानं जनुक घालून सुरुवात करावी लागली असती तर किती महिने आणि किती उंदीर गेले असते! पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या नुसती चालू ठेवलेली जात पाहिली की मला हेच आठवतं. काम थांबलं की वीर्य गोठवावं, पैदास बंद करावी. खर्च वाचतो हे तर झालंच, पण जीव वाचतात.

दुसरी गोष्ट, ज्यांच्यात अपेक्षित आजार दिसलाच नाही अशा उंदरांची. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचं जनुक १९८९ मध्ये सापडलं, १९९२ मध्ये ते बाद केलेले उंदीर तयार झाले. त्यांची आतडी तुंबली, त्यातच बरेच दगावले. पण माणसाला जेरीस आणणारा फुप्फुसाचा आजार त्यांच्यात तसा उतरलाच नाही. हे जाहीर झालं म्हणून लोक कारणं शोधू लागले, पुढे याच जनुकात बदल केलेली डुकरं तयार केली आणि त्यांच्या फुप्फुसात तो आजार दिसला. ‘काही दिसलं नाही’ असा निकाल कपाटात पडून राहिला, तर दुसऱ्या गावातली प्रयोगशाळा तीच पैदास पहिल्यापासून करणार. मला हे उंदरांवरच्या अन्यायासारखं वाटतं, आणि इतका कठोर शब्द मी विचार करूनच लिहिते आहे.

संध्याकाळी मॅडमना म्हटलं, आपल्या पेपरच्या पद्धती-विभागात एकूण किती पिल्लं जन्मली आणि त्यातली किती वापरली, हे दोन्ही आकडे टाकू या. त्या म्हणाल्या, “अगं, पेपर तपासणारे रिव्ह्यूअर विचारत नाहीत, उगाच प्रश्न ओढवून घेशील.” मी म्हटलं, मॅडम, विचारू देत, उत्तर वहीत आहे. त्या जरा थांबल्या आणि तक्ता करून आण म्हणाल्या. शनिवारी काकांबरोबर बसून जुन्या वह्यांतले आकडे उतरवून घ्यायचे आहेत.