सोमवारी चालणारं चॉकलेट मूस

आई ईस्टरच्या दहा दिवस आधी तुलूझला आली. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, फ्रान्समध्ये सुट्टी असते. त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या मादामना मी जेवायला बोलावलं होतं. गोडाला चॉकलेट मूस करायचं होतं. ते मला त्यांनीच शिकवलं, म्हणून एकदा तरी स्वतः करून त्यांना वाढायची फार इच्छा होती.

आई म्हणाली, "अगं, सोमवार ना तो? मला अंडं चालायचं नाही." आम्ही सावंतवाडीचे, कुलदैवत मंगेश. एरवी मासे-अंडी आवडीने खाणारी आई सोमवारी वशाटाला हात लावत नाही. परदेशी आली म्हणून तिने नेम मोडावा असं मलाही वाटत नव्हतं.

पण फ्रेंच घरातल्या मूसचा सगळा डोलारा अंड्यावरच असतो. मादामची कृती म्हणजे २०० ग्रॅम काळं चॉकलेट, सहा अंडी आणि चिमूटभर मीठ. क्रीमसुद्धा नाही. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पिवळं मिसळायचं, पांढरं घट्ट फेटून हलक्या हाताने त्यात कालवायचं आणि भांडं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. वेगवेगळ्या वाट्या भरायच्या नाहीत. एकच मोठं भांडं टेबलावर हातोहात फिरतं आणि ज्याने त्याने आपल्याला हवं तेवढं घ्यायचं.

हे शिकताना पहिल्याच खेपेला माझं चॉकलेट फुकट गेलं होतं. पातेल्यात पाणी उकळत होतं, वर ठेवलेलं भांडं जरा लहान होतं आणि कडेने येणारी वाफ आत जात होती. आरशासारखं चकाकणारं चॉकलेट चमच्याखाली बघता बघता रवाळ झालं आणि त्याचा मातकट गोळा झाला. चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे बारीक कण कोकोच्या लोण्यात मोकळे तरंगत असतात. थेंबभर पाणी लागलं की ते ओले होऊन एकमेकांना चिकटतात. "पाणी अजिबात नको," मादामनी बजावलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक चमचा पुसून घेते.

अंड्याऐवजी आधी काबुली चण्याचं शिजवलेलं पाणी फेटून पाहिलं. हे पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुलतं, हे जोएल रोसेल या फ्रेंच गायकाने २०१४ मध्ये जगापुढे आणलं. फेस सुरेख आला, पण चॉकलेटमध्ये मिसळताच माझा अर्धा फेस बसला आणि खाली दाट सॉस राहिला.

शनिवारी आम्ही बायोनला गेलो. फ्रान्सच्या चॉकलेटची गोष्ट सांगायची तर या गावापासूनच सुरुवात करायला हवी. स्पेन-पोर्तुगालच्या इन्क्विझिशनमधून, म्हणजे तिथल्या धर्मन्यायालयांच्या छळातून, जीव वाचवून निघालेले ज्यू आदूर नदीपलीकडच्या सँतेस्प्रीमध्ये राहिले आणि सतराव्या शतकात त्यांनी चॉकलेट करण्याची विद्या इथे रुजवली. त्यांना गावात दुकान थाटायची मोकळीक नव्हती. दळायचा दगड घेऊन ते पुलावरून गावात येत आणि गिऱ्हाइकाच्या घरी बसून कोको वाटून देत. गावकरी हे काम शिकले, त्यांनी आपला संघ काढला आणि १७६१ मध्ये ज्यांनी शिकवलं त्यांनाच या धंद्यातून बाहेर काढलं. १७६७ मध्ये बोर्दोच्या न्यायालयाने तो संघ रद्द केला. मला हा इतिहास वाचताना आजही चीड येते.

एका दुकानात तसा दगड मांडलेला होता. मधे खोलगट, खाली निखारे ठेवायला जागा. आई वाकून बघत राहिली. "हा तर आपला पाटा," ती म्हणाली. मी तिला त्या लोकांची हकिगत सांगितली. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आपला मंगेशसुद्धा असाच कुठ्ठाळीहून रातोरात प्रियोळला न्यावा लागला ना." गोव्यातली, पोर्तुगीजांच्या त्याच काळातली गोष्ट. इतक्या लांब येऊन तिला ती त्या दगडापाशी आठवली.

पोर-नफ रस्त्याच्या कमानींखाली काझनाव नावाचं १८५४ पासूनचं चॉकलेटघर आहे. तिथे गरम चॉकलेट हाताने घुसळून देतात आणि फेस कपाच्या वर टोपीसारखा उभा राहतो. सोबत फेटलेलं क्रीम आणि लोणी लावलेला टोस्ट. आईने चमच्याने फेस उचलला. "ताकासारखं घुसळलंय. ह्याला कुठे अंडं लागलं?"

तिच्या त्या प्रश्नाने मला वाट सापडली. परतल्यावर शोधलं तेव्हा एर्वे तिस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची १९९५ ची चॉकलेट शांतिई ही कृती हाती लागली. शांतिई म्हणजे फेटून फुलवलेलं गोड क्रीम. पण या कृतीत चॉकलेट आणि पाणी एवढंच. क्रीम फुलतं कारण त्यात पाण्यामध्ये स्निग्धांश विखुरलेला असतो. स्निग्धांश चॉकलेटमध्येही भरपूर असतो. म्हणजे पाणी थेंबभर पडलं तर चॉकलेट बिघडतं, पण पुरेसं घातलं तर त्याचं क्रीमसारखं मिश्रण होतं आणि ते गार करत फेटलं की फुलतं.

रविवारी रात्री करून पाहिलं. ७० टक्के कोकोचं २०० ग्रॅम चॉकलेट, १८० मिलिलिटर पाणी, दोन चमचे साखर. पातेल्यात चॉकलेटवर पाणी ओतताना हात खरोखर अडखळला. मंद आचेवर ढवळल्यावर गुळगुळीत, पातळ रस झाला. बर्फ घातलेल्या परातीत भांडं ठेवून मी फेटत राहिले. तीन मिनिटं काहीच होईना. मग रंग फिकट होऊ लागला, व्हिस्कच्या रेघा उमटल्या, आणि "अजून थोडं" म्हणेपर्यंत सगळं घट्ट आणि दाणेदार झालं. पण यात काही वाया जात नाही. पुन्हा आचेवर वितळवलं, पुन्हा बर्फावर. फार पातळ राहिलं तर चॉकलेटचे दोन तुकडे वाढवून तेच करायचं. दुसऱ्या वेळी रेघा दिसताच हात थांबवला. भांड्यात मऊ, चमकदार मूस उभं होतं.

सोमवारी सकाळी तसंच पुन्हा केलं. मादामनी पहिला घास घेऊन डोळे मिटले. मग विचारलं, "क्रीम कुठलं?" मी म्हटलं, "नळाचं पाणी." त्यांनी चमचा खाली ठेवला आणि मला सगळी कृती पहिल्यापासून सांगायला लावली. अंड्याच्या मूसइतकं ते हलकं नसतं, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण चॉकलेटची चव यात जास्त मोकळी लागते, असंही त्या म्हणाल्या.

भांडं दुसऱ्यांदा फिरलं तेव्हा आईने मोठा चमचा भरून घेतला. रात्री तिने आपल्या वहीत कृती उतरवली, आणि खाली एक ओळ लिहिली: "मे महिन्यात बर्फ दुप्पट."