आमची वाटचाल: बॉयलरपासून बोअरपर्यंत

भोसरीत आमची सुरुवात झाली ती बॉयलर आणि स्टीम लाइनच्या मेंटेनन्सने. स्टीम ट्रॅप (लाइनमध्ये साचलेलं पाणी बाहेर काढणारे व्हॉल्व्ह) बदलणे, गळती शोधणे, इन्सुलेशन करणे अशी कामं. थरमॅक्स, फोर्ब्स मार्शल या बॉयलर आणि वाफेच्या उपकरणांच्या कंपन्या इथेच मोठ्या झाल्या, त्यामुळे वाफ कळणारी माणसं या भागात मिळतात. त्याच माणसांच्या जोरावर आज आम्ही जमिनीत वाफ सोडून दूषित माती आणि भूजल जागच्या जागी साफ करतो.

इकडे वळलो ते एका जुन्या शेडमुळे. तिथे अनेक वर्षं सुटे भाग ट्रायक्लोरोएथिलीन या ग्रीस काढणाऱ्या सॉल्व्हंटने धुतले जायचे आणि आता बोअरच्या पाण्याला वास येत होता. हे सॉल्व्हंट पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. डिझेलसारखं तरंगत नाही. मुरमातून खाली उतरतं, काळ्या पाषाणाच्या भेगांत बसतं आणि थोडं थोडं विरघळत राहतं. म्हणून नुसता पंप लावून वर्षानुवर्षं उपसा केला तरी ते संपत नाही. खोदावं तर वर शेड, शेजारी दुसऱ्याची कंपनी.

खनिज तेल काढताना घट्ट तेल पातळ करायला वाफ सोडतातच. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक केंट उडेल यांनी ती दूषित जमिनीसाठी वापरली. कॅलिफोर्नियातल्या विसालियात विजेच्या लाकडी खांबांना क्रिओसोट (लाकूड कुजू नये म्हणून लावायचं डांबरी तेल) लावायचं यार्ड होतं. तिथे 1997 पासून तीन वर्षं वाफ सोडून सुमारे 13 लाख पौंड दूषित द्रव्य काढलं किंवा जमिनीतच नष्ट केलं. 2009 मध्ये ती जागा सुपरफंड यादीतून, म्हणजे अमेरिकी सरकारच्या अतिदूषित जागांच्या यादीतून, वगळली गेली. हे वाचून मला धीर आला.

लोकांना वाटतं, वाफ सोडली की झालं. खरं काम ओढून घेण्याचं आहे. आम्ही आधी मधल्या बोअरला व्हॅक्यूम लावतो, मगच कडेच्या बोअरमधून वाफ आत सोडतो, म्हणजे घाण बाहेर न पसरता मध्ये येते. ट्रायक्लोरोएथिलीन एकटं 87 अंशांना उकळतं, पण पाण्यासोबत असलं तर 73 अंशांनाच. जमिनीतलं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) त्या आकड्यावर गेलं की आमचे बॉयलर सांभाळणारे मामा फोन करतात, "साहेब, चार नंबर तापला." थोड्या वेळाने कंडेन्सरखालच्या काचेत दिसतं: वर गढूळ पाणी, तळाशी तेलकट, जड थर. वर्षानुवर्षं खडकात अडकलेलं ते द्रव्य समोर आलेलं पाहताना आजही मन भरून येतं. उरलेली हवा आणि पाणी घाण शोषून घेणाऱ्या कार्बनच्या फिल्टरमधून गेल्याशिवाय बाहेर सोडत नाही.

वाफेचा दाब वरच्या मातीला पेलेल इतकाच ठेवावा लागतो, नाहीतर ती चीर पाडून वर येते. काळ्या चिकण मातीत वाफ शिरतच नाही. तिथे विजेने जमीन तापवणं योग्य, आणि ते आम्ही गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगतो. पावसाळ्यात भेगांतून थंड पाणी येऊन तापलेला भाग निवतो, इंधन वाया जातं. म्हणून भूजल पातळीखालच्या थराची कामं दिवाळीनंतर घ्यायची आणि मेमध्ये आवरायची.

2025 च्या जुलैमध्ये केंद्राने दूषित जागांसाठी नियम काढले. तेव्हापासून चौकशा येतात, बहुतेक जागा विकायला निघाल्यावर. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं: विक्रीची वाट पाहू नका, बोअरच्या पाण्याला वास आला की लगेच नमुना तपासून घ्या. शेजारी तेच पाणी वापरतात.