लाइट होती, नेट नव्हतं

मे मधल्या एका रविवारी आईला घेऊन अमरावतीहून नागपूरला परत येऊन राहिलो होतो, इलेक्ट्रिक गाडीत १९ टक्के चार्ज उरलेला, ॲपमध्ये कारंजाजवळच्या एका धाब्यावरचा चार्जर हिरवा दिसला म्हणून तिथेच वळवली. चार्जरची गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, गाडीला लावली, क्यूआर स्कॅन केला, ॲपवरचं चक्र फिरतंय फिरतंय आणि शेवटी मेसेज, चार्जर प्रतिसाद देत नाही. अन् समोर त्याचा स्क्रीन मस्त चालू! आई गाडीत पदराने वारा घेत बसलेली. धाब्यावरचे काका आले, म्हणाले, "लाइट आहे ना भाऊ, पण त्याच्यातल्या सिमला नेट नाई, सकाळपासून असंच करून राहिलं."

हे फार जिवाला लागलं, कारण गाडी आणि चार्जर तर बोलायला तयार होते. सीसीएस२ या प्रकारच्या फास्ट चार्जिंग गनमध्ये कंट्रोल पायलट नावाची एक बारीक पिन असते, तिच्यावरूनच गाडी सांगते मला इतके व्होल्ट, इतके अँपिअर दे, आणि चार्जर त्या हिशोबाने देतो. ८० टक्क्यांनंतर स्पीड पडतो तोही बहुतेक वेळा गाडीनेच कमी मागितल्यामुळे, लोक उगाच चार्जरला शिव्या घालतात. या बोलण्याला इंटरनेट लागतच नाही.

नेट लागतं ते चार्जर आणि कंपनीच्या सर्व्हरला. त्यांची भाषा ओसीपीपी, २०१५ चं १.६ व्हर्जन अजून खूप ठिकाणी चालतं. आपण ॲपमध्ये स्टार्ट दाबतो तेव्हा हुकूम आधी सर्व्हरकडे जातो आणि तिथून सिमवरून परत आपल्या समोरच्याच डब्यात येतो. चार्जर ठरावीक वेळाने 'मी आहे' म्हणून हार्टबीट पाठवत असतो, तो थांबला की सर्व्हरला कळायला पाहिजे, पण ॲप आपलं जुनी हिरवी खूणच दाखवत बसलेलं.

शेवटी काकांनी गल्ल्यातून एक कार्ड आणलं, चार्जरला टेकवलं, आत खट्ट आवाज झाला आणि युनिट पळायला लागले. म्हणजे सोय आहेच की! ओळखीच्या कार्डांची यादी चार्जरच्या आत ठेवता येते, नेट नसताना तो हिशोब साठवतो आणि नेट आलं की पाठवून देतो. १४ युनिट झाले, काकांनी वहीत लिहिले, पैसे रोख दिले.

मग हे कार्ड नेहमीच्या गिऱ्हाइकांना का देत नाहीत? आणि हिरव्या खुणेखाली 'शेवटचा संपर्क इतक्या मिनिटांपूर्वी' एवढं लिहिलं तरी माणूस आधीच्या चार्जरवर थांबेल ना. समृद्धीवर तर मनात आलं तिथून खाली उतरताही येत नाही.

पुढच्या महिन्यात आईला शिर्डीला न्यायचंय, समृद्धीनेच. त्या रस्त्यावर कार्डाने ऑफलाइन चार्जिंग कुठे कुठे होतं ते कोणी स्वतः करून पाहिलं असेल तर नक्की सांगा.