बॉलची बादली परत करताना

मुलाच्या बेसबॉल टीमला कोच मिळेना, म्हणून मी झालो. न्यू जर्सीत आठ-नऊ वर्षांची बारा पोरं, आणि त्यांचा कोच डोंबिवलीच्या चाळीत रबरी बॉलवर वाढलेला. बॅकग्राउंड चेक, फॉर्म वगैरे दोन दिवसांत उरकलं. घोडं अडलं ते बॉलपाशी.

लीगने दिलेल्या पिशवीत सहा बॉल होते. शिवण उसवलेली, त्यातला एक तर पाणी पिऊन फुगलेला. (लेदरचा बॉल भिजू देऊ नका, दगड होतो.) सहा बॉलमध्ये बॅटिंगची प्रॅक्टिस म्हणजे निम्मा वेळ बॉल गोळा करणं. म्हणून ३६ नव्या बॉलच्या बादलीची ऑर्डर ऑनलाइन टाकली आणि ती जवळच्या दुकानातून उचलून आणली. मऊ गाभ्याच्या या सराव-बॉलवर १, ५, १० अशी लेव्हल लिहिलेली असते. मी १० घेतली. मोठा आकडा म्हणजे वरचा माल, हा आपला हिशोब.

घरी सील फाडून एक बॉल अंगठ्याने दाबला. दबेना. मग बादलीवरचं बारीक अक्षर वाचलं. १ सर्वांत मऊ आणि १० जवळजवळ खऱ्या बॉलइतका टणक. खरा बेसबॉल भरतो १४२ ते १४९ ग्रॅम, आपल्या सीझन बॉलपेक्षा जरासा हलका, पण इथे ना पॅड ना बॅटिंगचे जाड ग्लोव्ह्ज. तरी हौस म्हणून मुलाला चार बॉल टाकले. एप्रिलची थंडी, बॉल बॅटच्या मुठीजवळ लागला, हाताला झिणझिण्या आल्या. पुढच्या बॉलला पोरगा सरळ लेगला पळाला. हे पळणं मला ओळखीचं होतं, मी स्वतः शाळेत दोन वर्षं पळलोय.

तर बादली परत करायला गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, सील तुटलंय. मी म्हटलं, एकच बॉल वापरलाय, पस्तीस कोरे आहेत, पस्तीसचे पैसे द्या. तो म्हणाला, बादली हा एक नग आहे. मॅनेजर? गुरुवारी येतात. गुरुवारी मॅनेजर म्हणाल्या, ऑर्डर ऑनलाइन होती, तिकडे फोन करा. फोनवर ४७ मिनिटं तेच पियानोचं तुणतुणं ऐकलं. शेवटी बाई बोलल्या: माल दुकानातून उचललात ना, मग दुकानातच परत. म्हणजे माझीच बादली माझ्याच डिकीत दोन आठवडे गडगडत फिरतेय. बायको म्हणाली, "सोड ना आता, किती पेट्रोल जाळशील?" पण सोडवेना. गवताचा डाग पडलेला तो एक बॉल मी रात्री जुन्या टूथब्रशने घासला, हेही सांगून टाकतो.

चौथ्या फेरीला काउंटरवर एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी बॉल हातात घेतला, दाबला आणि विचारलं, "मुलं केवढी आहेत?" आठ-नऊ वर्षांची. काही न बोलता आत गेले आणि लेव्हल ५ ची बादली घेऊन आले. फॉर्म नाही, सही नाही. एकोणीस दिवस लागलेलं काम दोन मिनिटांत. आनंद व्हायला हवा होता, मला पार्किंगमध्ये जास्तच राग आला.

बादलीपायी प्रॅक्टिस मात्र थांबली नव्हती. भोकांचे प्लास्टिकचे बॉल आणले होते, विफल (Wiffle) बॉल. नाव ऐकून मी एकटाच हसलो. गंमत म्हणजे मूळ इंग्रजी शब्दही बॅट फिरून बॉल हुकण्यावरूनच आलाय. कनेटिकटमधल्या एका बापाने १९५३ मध्ये हा बॉल आपल्या १२ वर्षांच्या मुलासाठी बनवला. त्याच्या एकाच अर्ध्या भागात लांबट खाचा असतात, त्यामुळे तो हवेत वळतो आणि नवशिकी पोरं रडकुंडीला येतात. सरावाला सगळीकडे गोल भोकं असलेला घ्या, तो बराच सरळ येतो. लागला तरी दुखत नाही, फार लांब जात नाही, शेजाऱ्याची काच शाबूत राहते. पोरं तिसऱ्या दिवशी पाय रोवून उभी राहायला लागली. लेव्हल ५ त्यानंतर हातात दिली, तेव्हा कुणी पळालं नाही. टेनिस बॉलही करून पाहिला, पण तो बॅटवरून इतका उसळतो की पोरांना आपण सगळेच सिक्सर मारतोय असं वाटतं.

हां, एक राहिलं. बॉल फेकणाऱ्या पिचिंग मशीनसाठी खळग्यांचे टणक बॉल मिळतात. त्यांवर पोराची महागडी बॅट वापरण्याआधी तिचं वॉरंटीचं कार्ड वाचा. काही कंपन्या त्या बॉलना आणि साधारण १५ अंश सेल्सिअसखालच्या थंडीलाही मनाई करतात. आमचं कार्ड सापडलं, पण बॅटला चीर गेल्यावर.