अखेर जागा सापडली

भाचीच्या लग्नासाठी आज तिसरी जागा पाहिली आणि तिथंच शोध थांबला. मुलाकडचे चिनी, लग्न त्यांच्या पद्धतीनं, माणसं अगदी जवळची, जेमतेम तीस.

पहिला हॉल देखणा, पण एवढा मोठा की आम्ही त्यात हरवलोच असतो. दुसऱ्यात पडदे, खुर्च्या, सगळं पांढरंशुभ्र. चिनी घरात पांढरा हा शोकाचा रंग. मुलाच्या आजीला तिथं कसं बसवायचं?

इथं दहा-दहाची तीन गोल टेबलं ऐसपैस मावतात. (चार लहान टेबलं सुचवली होती, पण चिनी भाषेत 'चार'चा उच्चार 'मृत्यू'शी जुळतो, म्हणून तीनच.) माझं मन मात्र बसलं ते खिडकीजवळच्या कोपऱ्यावर. चहाचा विधी तिथं होईल. नवरा-नवरी गुडघे टेकून दोन्ही हातांनी थोरांना चहा देणार, ते घोट घेऊन लाल पाकीट हातात ठेवणार.

भाचीनं तिथंच गुडघे टेकून पाहिले, पेला धरल्यासारखे हात पुढे केले. समोर खुर्चीत मी बसले होते. तिची बोटं थरथरत होती. मला काही बोलताच येईना.

मागच्या भिंतीवर लाल कागदात कापलेलं 'दुहेरी आनंदा'चं अक्षर लावायचं ठरलंय. ते मी स्वतः कापणार आहे.