उभ्या दातांचा ठोकळा

इंदूरजवळ एका छोट्या बंधाऱ्याची काँक्रीटची भिंत उघड्या काळ्या पाषाणावर उभी राहणार होती, आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी तो पाषाण कसा तासावा, एवढाच प्रश्न आमच्या प्रयोगशाळेकडे आला होता. माळव्यातला घट्ट बेसाल्ट काँक्रीटपेक्षा कितीतरी कणखर असल्याने तुटले तर सांध्यात किंवा काँक्रीटमध्ये तुटेल, हे उघड होते. मी दगडावर काँक्रीट ओतलेल्या ठोकळ्यांत तीन प्रकारचे सांधे करवून घेतले: करवतीने कापलेला सपाट, उथळ लाटांचा, आणि २० मिलीमीटर उंच दातांचा, ज्यांच्या दोन्ही बाजू ६० अंशांत उतरत होत्या. दात जितके उभे तितकी पकड घट्ट, असे मी गृहीत धरले होते आणि चार जणांना सांगूनही बसले होते.

२८ दिवस पाण्यात ठेवलेले ठोकळे चाचणीला घेतले. वरचा भार कायम ठेवून बाजूने रेटा हळूहळू वाढवायचा, अशी ही चाचणी. सपाट सांधा एकदम सुटला. दगडावर सिमेंटचे जेमतेम राखाडी पुट उरले. लाटांच्या ठोकळ्यातला चिकटपणा तुटला तरी त्याने तग धरला, कारण काँक्रीटचा भाग लाटेवर चढू लागला आणि वरचा भार त्याला खाली दाबत राहिला. काँक्रीट उचलले जात असल्याचे हालचाल मोजणाऱ्या डायल गेजच्या काट्यावर स्पष्ट दिसत होते.

दातांचा ठोकळा मात्र लाटांच्या ठोकळ्यापेक्षा बराच आधी, मोठा आवाज करून गेला. उघडला तर दगडाच्या खाचांत काँक्रीटचे दात तसेच रुतून बसलेले, मुळाशी कापल्यासारखे. आमच्या जुन्या साहाय्यक काकांनी छिन्नीने एक दात उकरून माझ्या तळहातावर ठेवला. “ताई, यात गिट्टीचा एक तरी दाणा दिसतोय का?” (खडीला आम्ही इंदूरकर गिट्टीच म्हणतो.) नव्हताच. तोंडाशी जेमतेम २३ मिलीमीटर रुंद आणि तळाकडे निमुळत्या होत गेलेल्या खाचेत २० मिलीमीटरची गिट्टी उतरणार कशी? आत गेला तो नुसता सिमेंट-वाळूचा माल, आणि तळाशी हवेची छिद्रे. त्यातच दगडी दातांची टोके काँक्रीटमध्ये घुसलेली असल्याने ताण तिथे एकवटला होता, आणि तडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावला होता.

खडकातल्या खडबडीत सांध्यांसाठी १९६६ साली पॅटन यांनी मांडलेल्या सूत्रात घर्षणाच्या कोनात (ज्या उतारावर वस्तू आपोआप घसरू लागते तो कोन) दातांच्या उताराचा कोन मिळवतात. घर्षणाचा कोन ३५ अंश धरला तरी ६० अंशांच्या दातावर बेरीज ९०च्या पुढे जाते, म्हणजे चढणे अशक्य आणि दात तुटणे अटळ. हे गणित मला पाठ होते. ठोकळे आखताना ते आठवले नाही, याची खंत अजून वाटते.

१० मिलीमीटरची गिट्टी वापरून आणि नीट कंपन देऊन पुन्हा ठोकळे भरले. या वेळी दातांच्या सांध्याने लाटांपेक्षा जास्त रेटा पेलला, पण शिखर गाठताच रेट्याचा काटा एका झटक्यात कोसळला. लाटांचा काटा मात्र सावकाश उतरला. अहवालात मी लिहिले की पाषाणात दात कोरू नयेत, सुटे तुकडे काढून तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा आणि त्याचा नैसर्गिक उंचसखलपणा तसाच राहू द्यावा.